कमांड लाइनवरून ग्राफिकल आज्ञावली : त्रुटीसंदेशांच्या वाचनाची एक अध्यापन-दिशा

प्रस्तावना :
अहिल्यानगर जिल्ह्यातील महाविद्यालयांत 'सी' भाषेचे अध्यापन करताना एक बाब वारंवार प्रत्ययास येते. विद्यार्थी आज्ञावली अचूक लिहितो, ठरावीक कळ दाबतो आणि पडद्यावर वर्तुळ उमटले की समाधान पावतो. वर्तुळ उमटले नाही, तर मात्र दोष कोठे आहे हे त्याला सांगता येत नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत याच ठिकाणी गुण जातात आणि बहिःस्थ परीक्षकासमोर शिक्षकही संकोचतो. कळ दाबल्यावर नेमके काय घडते, हे त्या कळीनेच झाकून टाकलेले असते. तीच आज्ञावली कमांड लाइनवरून कंपाइल करविल्यास हा पडदा दूर होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. (लेखातील आज्ञा उच्चारानुसार नागरीत दिल्या आहेत, प्रत्यक्ष टंकन रोमन लिपीतच करावे.)

टर्बो सी मधील तीन फाइली :
बोरलँड कंपनीचे टर्बो सी १९८७ मध्ये बाजारात आले आणि आपल्याकडील प्रयोगशाळांत दीर्घकाळ टिकले. त्यात चित्र काढण्यासाठी तीन स्वतंत्र फाइली लागतात व त्या तीन निरनिराळ्या वेळी लागतात, हे क्वचितच सांगितले जाते. 'ग्राफिक्स.एच' ही हेडर फाइल कंपाइल करताना लागते, 'ग्राफिक्स.लिब' ही लायब्ररी जोडणीच्या वेळी लागते, तर 'ईजीएव्हीजीए.बीजीआय' हा चालक आज्ञावली प्रत्यक्ष चालताना लागतो.

संगणकशास्त्राबाहेरील प्राध्यापकांसाठी ग्रंथालयाचे उदाहरण देता येईल. हेडर म्हणजे सूचीतील नोंद. अमुक ग्रंथ आहे, त्याला इतके खंड आहेत, एवढेच ती सांगते. लायब्ररी म्हणजे कपाटातील ग्रंथ. सूचीत नोंद आहे म्हणून ग्रंथ हाती आला असे होत नाही. विद्यार्थ्यांचा समज मात्र नेमका तसा असतो. 'हेडर लिहिले आहे, मग फलन का सापडत नाही?' असा त्यांचा प्रश्न असतो.

कमांड लाइनवर 'टीसीसी चित्र.सी ग्राफिक्स.लिब' असे लिहावे लागते, तेव्हा लायब्ररीचे नाव स्वतःच्या हाताने टंकावे लागते. ते गाळले की 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' हा संदेश येतो. तो कंपायलरचा नसून लिंकरचा असतो. तिसरी अडचण याहून गमतीची आहे. चालकाचा मार्ग लहान लिपीत व एकेरी तिरकी रेघ देऊन लिहिला, तर रेघेपुढील 'टी' हा टॅब ठरतो आणि 'बी' हा बॅकस्पेस. 'टीसी' आणि 'बीजीआय' या दोन्ही फोल्डरांची नावे अशा रीतीने बिघडतात. कंपायलर काही बोलत नाही, लिंकरही बोलत नाही. आज्ञावली चालू झाल्यावर मात्र ग्राफिक्स सुरू न झाल्याचा संदेश येतो. म्हणून तेथे दुहेरी रेघ द्यावी लागते.

लिनक्सवरील तोच अनुभव :
विंडोजच्या ६४ बिटी आवृत्त्यांवर टर्बो सीच्या १६ बिटी आज्ञावली थेट चालत नाहीत. डॉसबॉक्सचा आधार घ्यावा लागतो. याऐवजी लिनक्सवर जीसीसी व जीटीके ३ वापरून साधी खिडकी उघडणे अधिक उपयुक्त वाटते. आज्ञा अशी :

जीसीसी खिडकी.सी -ओ खिडकी $(पीकेजी-कॉन्फिग --सीफ्लॅग्ज --लिब्ज जीटीके+-३.०)

कंसातील भाग दोन कामे करतो. 'सीफ्लॅग्ज' हेडर कोठे आहेत ते कंपायलरला सांगतो, 'लिब्ज' कोणत्या लायब्ररी जोडावयाच्या ते लिंकरला सांगतो. सूची आणि कपाट यांतील भेद येथे एका ओळीत दिसतो. लायब्ररींची नावे स्रोत-फाइलीनंतर द्यावीत; आधी दिल्यास लिंकर त्यांना अनावश्यक समजून सोडून देण्याचा संभव असतो.

हेडर न सापडल्यास 'नो सच फाइल' असा संदेश येतो. उबुंटूवर जीटीकेची इतर सॉफ्टवेअरे चालत असूनही हा संदेश येतो, याचे विद्यार्थ्यांना नवल वाटते. कारण चालविण्याची लायब्ररी व विकासासाठीची हेडरे तेथे वेगळ्या संचांत असतात आणि दुसरा संच मुद्दाम घ्यावा लागतो. 'लिब्ज' गाळल्यास 'अनडिफाइन्ड रेफरन्स' येतो. दोन्ही साधल्यावर, पण चित्रपटल नसलेल्या दूरस्थ जोडणीवरून आज्ञावली चालविल्यास, 'कॅनॉट ओपन डिस्प्ले' येतो. टर्बो सीच्या तिन्ही पायऱ्या येथे जशाच्या तशा आहेत, केवळ नावे बदलली.

मराठी अक्षरांचा प्रश्न :
जीटीकेचा एक विशेष लाभ असा की, खिडकीत मराठी मजकूर शुद्ध उमटतो. जोडाक्षरे जुळविण्याचे काम त्यातील पँगो ही लायब्ररी करते. तथापि 'सी' भाषा अक्षरे मोजत नाही, बाइट मोजते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'अहमदनगर' या शब्दात ७ चिन्हे, म्हणजे २१ बाइट. 'अहिल्यानगर' हा शब्द डोळ्यांना ६ अक्षरांचा दिसतो. पण वेलांटी, हलन्त व काना धरून त्यात १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट आहेत. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये बदलले. जुन्या नावापुरती, शेवटच्या शून्यासह २२ बाइटांची जागा राखणाऱ्या आज्ञावलीत कीबोर्डवरून नवे नाव आले, तर ते जागेबाहेर सांडेल. कंपाइल करताना याचा पत्ताही लागणार नाही.

प्रात्यक्षिकासाठी सूचना :
प्रथम '-सी' हा पर्याय देऊन केवळ ऑब्जेक्ट फाइल तयार करून घ्यावी व 'एनएम' या साधनाने ती तपासावी. जीटीकेच्या फलनांसमोर 'यू' हे अक्षर दिसते. म्हणजे नाव माहीत आहे, फलन अजून मिळालेले नाही. त्यानंतर लायब्ररी न देता जोडणी करावयास सांगावी. यास एक तासिका अधिक लागते व अभ्यासक्रमाचा ताण पाहता ती काढणे सोपे नाही, हे मान्य आहे. परंतु मौखिक परीक्षेत चालू आज्ञावली दाखविण्याऐवजी एखादा त्रुटीसंदेश पुढे ठेवून 'हा कोणी दिला?' एवढेच विचारले, तरी त्या तासिकेचा उपयोग झाला की नाही ते लगेच कळते.