कमी विद्युतदाबाचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक : ओळख, उपयोग व आमची भूमिका

गतवर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका सन्माननीय सभासदांनी विचारणा केली होती, की मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी आपले नमुने पुण्या-मुंबईस वा हैदराबादेस का पाठवावे लागतात, आणि टेबलावर मावणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आता उपलब्ध असताना तो आपण का घेत नाही. एका देणगीदारांनी त्यासाठी भरीव साहाय्य देण्याची तयारीही दर्शविली. प्रश्नास सभेत दिलेले उत्तर त्रोटक होते. आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे पदवीधर. तेव्हा हा विषय रुग्णालयातील तज्ज्ञांकडून समजून घेऊन सभासदांपुढे सविस्तर मांडणे आम्हांस कर्तव्य वाटते.

तपासणीची गरज

नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात प्रकाशाच्या साहाय्याने पाहिले जाते. सुमारे 200 नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू त्यात वेगळे दिसू शकत नाहीत. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. मूत्रपिंडातील गाळणीचे बारकावे नेमके या मर्यादेच्या आतले आहेत. लहान मुलांच्या अंगावर सूज येऊन लघवीवाटे प्रथिने जाऊ लागली, तर बहुतेक मुले औषधाने बरी होतात. जी होत नाहीत, त्यांच्या मूत्रपिंडाचा तुकडा सुईने काढून तपासावा लागतो. गाळणीच्या पेशींचे पायांसारखे बारीक फाटे सपाट झाले आहेत काय, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते. ऐकण्याच्या दोषासह येणाऱ्या ‘अल्पोर्ट’ या आनुवंशिक विकारात गाळणीचा पडदा कोठे पातळ, कोठे जाड व पदरापदरांनी फाटलेला आढळतो. असे निदान झाले, तर भावंडांचीही वेळीच तपासणी करता येते. म्हणून हा प्रश्न एका रुग्णापुरता न राहता त्याच्या कुटुंबाचा होतो.

यंत्राचे स्वरूप

मॅक्स क्नोल व अर्न्स्ट रुस्का यांनी 1931 मध्ये बर्लिन येथे प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत वापरणारा सूक्ष्मदर्शक सिद्ध केला. रुस्का यांस त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले ते 1986 साली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने 2020 मध्ये भारतातील पहिल्या करोना रुग्णाच्या नमुन्यातील विषाणूचे छायाचित्र प्रसिद्ध केले, ते याच जातीच्या यंत्राने टिपलेले होते. त्यातील विषाणूचा एक कण 75 नॅनोमीटर आकाराचा होता.

शरीराच्या ऊतींसाठी या यंत्रात सामान्यतः 80,000 ते 1,20,000 व्होल्टचा दाब वापरतात. यंत्र पुरुषभर उंचीहून मोठे असते. खोलीस कंप चालत नाही, आणि विद्युतचुंबकी भिंगे तापत असल्याने ती पाण्याने थंड ठेवावी लागतात. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील वाचकांस या अटीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

चेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरास या क्षेत्राची जुनी परंपरा आहे. तेथील आर्मिन डेलाँग यांच्या चमूने घडविलेल्या टेबलावरील यंत्रास 1958 च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले होते. पुढे तेथेच केवळ 5,000 व्होल्टवर चालणारे लहान यंत्र तयार झाले व नंतर 25,000 व्होल्टचेही आले. ‘कमी दाब’ हे अर्थातच सापेक्ष आहे. घरातील विजेचा दाब 230 व्होल्ट असतो. या लहान यंत्रात कायम चुंबकांची भिंगे असल्याने थंड पाणी लागत नाही. प्रतिमा प्रथम एका छोट्या पडद्यावर उमटते व मग साध्या प्रकाशीय भिंगांनी मोठी करून कॅमेऱ्याने टिपली जाते.

कमी दाबाचा खरा लाभ निराळाच आहे. जलद गाडी लहान स्थानकावरून न थांबता निघून जाते, तर पॅसेंजर गाडी प्रत्येक ठिकाणी रेंगाळते. मंद इलेक्ट्रॉनही पदार्थातील अणूंशी अधिक गुंतून विखुरतात. त्यामुळे कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन अशा हलक्या मूलद्रव्यांनी बनलेले विषाणू, औषधवाहक सूक्ष्मकण वा बहुवारिके युरेनियम-शिशाच्या क्षारांनी न रंगविताही ठळक दिसू शकतात.

मर्यादा

याच गुणाची दुसरी बाजू म्हणजे मंद इलेक्ट्रॉन फार खोल जात नाहीत. नेहमीच्या यंत्रासाठी ऊतींचे छेद सुमारे 60 ते 80 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या हजाराव्या भागाइतके जाड असतात. 5,000 व्होल्टसाठी ते त्याहूनही पातळ हवेत. ते कापण्यासाठी हिऱ्याची सुरी बसविलेले स्वतंत्र यंत्र व वर्षानुवर्षे हात बसलेला तंत्रज्ञ लागतो. यंत्र टेबलावर मावते. ही पूर्वतयारी मावत नाही. शिवाय चित्राचा अर्थ लावणारा विकृतिशास्त्रज्ञ हवाच.

शिक्षण व संशोधनात मात्र या यंत्रास मोठा वाव आहे. 1973 मध्ये मेलबर्न येथे रूथ बिशप व सहकाऱ्यांनी अतिसार झालेल्या बालकांच्या आतड्याच्या नमुन्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने एक विषाणू पाहिला. चाकासारख्या आकारामुळे तो ‘रोटा’ म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि 2016 पासून त्यावरील लस आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने आली. पुस्तकातील असे चित्र आणि स्वतः यंत्र जुळवून पाहिलेले चित्र यांत अंतर आहे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड व लातूरची वैद्यकीय महाविद्यालये आणि उदगीरचे पशुवैद्यक महाविद्यालय यांच्यासाठी असे एखादे सामाईक यंत्र असणे इष्ट होय, असे आम्हांस वाटते.

आमची भूमिका

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. एकदा आमच्याच कर्मचाऱ्याने ग्लुटाराल्डिहाइडमधील नमुना शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला. बर्फाच्या स्फटिकांनी ऊतींची सूक्ष्म रचना मोडली व तो तपासणीस निरुपयोगी ठरला. रुग्ण बालक होते. त्याच्या पालकांस पुन्हा सुई टोचण्याविषयी विचारताना आम्हां सर्वांस खाली मान घालावी लागली. दोष यंत्राच्या अभावाचा नव्हता, आमच्या शिस्तीचा होता.

या अनुभवानंतर विश्वस्त मंडळाने सध्या यंत्र न घेण्याचे ठरविले आहे. त्याऐवजी तुकडा काढतानाच त्याचे योग्य भाग करणे, प्रत्येक भाग ठरलेल्या द्रावणात व चार अंश तापमानात, पण न गोठविता ठेवणे, आणि सोबत रुग्णाची पूर्ण माहिती देणे यांसाठी लेखी पद्धत घालून दिली आहे. देणगीदारांनीही आपले साहाय्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाकडे व गरीब रुग्णांच्या तपासणीखर्चाकडे वळविण्यास मोठ्या मनाने संमती दिली. त्यांचे आम्ही ऋणी आहोत.

सामाईक यंत्राचा विचार एखाद्या शिक्षणसंस्थेने पुढे आणल्यास आमचा रुग्णालय परिवार त्यात आनंदाने सहभागी होईल. तोवर, नमुना दूर गेला तरी तो सुस्थितीत पोहोचेल व त्याचे उत्तर रुग्णाच्या हाती पडेल, एवढी जबाबदारी आमची आहे.