एमडीएस, पण कशातलं?

स्वारगेटला डेंटिस्टच्या पाट्या कमी नाहीत. माझी खालची अक्कलदाढ सुजली तेव्हा मीही तुम्ही कराल तेच केलं: मॅपवर सर्वांत जास्त तारे दिसले, तो दवाखाना गाठला. रिसर्च पेपर असे निवडले असते तर गाइडनी दारात उभं केलं नसतं!

तिथल्या डॉक्टरांनी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, काढला आणि प्रामाणिकपणे सांगितलं: दाढ हाडात आडवी आहे, सर्जनकडे जा. खालच्या जबड्यातून जाणाऱ्या एका नसेमुळे आपल्याला ओठ आणि हनुवटी जाणवते. दाढ काढताना ती दुखावली तर ओठ बधिर होतो. बहुतेकांचा पूर्ववत होतो, काहींचा कायम तसाच राहतो.

म्हणून नुसतं ‘एमडीएस’ वाचून थांबू नका. बीडीएसनंतरची ही तीन वर्षांची पदवी नऊ शाखांमध्ये मिळते. दात सरळ करणारेही एमडीएस. ‘ओरल पॅथॉलॉजी’ ऐकायला जवळचं वाटतं, पण त्यांचं मुख्य काम पेशींच्या तपासणीचं. तुम्हाला हवी ती ‘ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी’. शंका असेल तर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, त्यात संकोच कसला?

स्वारगेटहून कात्रजची बस धरली की धनकवडीला भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आहे. डेंटल कॉलेजांत या शाखेचा वेगळा विभाग असतो. जाताना ओपीजी न्या आणि आधी एवढंच विचारा: मूळ नसेला किती जवळ आहे, सीबीसीटी स्कॅन लागेल का?