दहा मिनिटं, केटलबेल खाली न ठेवता

जिमच्या कोपऱ्यातली केटलबेल बहुतेकांना दंड कमवायचं आणखी एक वजन वाटते. केटलबेल स्पोर्ट मात्र स्वतंत्र क्रीडाप्रकार आहे आणि त्यात कस लागतो तो दमाचा. त्याचं मूळ रशियात. पुड हे तिथलं धान्य तोलायचं जुनं माप, १६.३८ किलोचं, बाजारातली तीच वजनं उचलायची चुरस लागायची. १९८५ साली लिपेत्स्कला सोव्हिएत संघाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. आजचे १६, २४ आणि ३२ किलोचे टप्पे पुडाच्याच हिशेबाचे. वेळ दहा मिनिटं, केटलबेल जमिनीला टेकली की डाव संपला. स्नॅचमध्ये, म्हणजे केटलबेल एका झोक्यात थेट डोक्यावर नेण्याच्या प्रकारात, हात एकदाच बदलता येतो.

सुरुवातीलाच जोर लावला की दहा मिनिटांतल्या उचलींचा आकडा वाढतो, असं पुष्कळजण धरून चालतात. हिशेब करून पाहा. मिनिटाला १४ च्या संथ गतीने १६ किलोचे स्नॅच केले तर दहा मिनिटांत १४० होतात, म्हणजे २,२४० किलो डोक्यावर गेले. पहिल्या मिनिटालाच २५ मारणाऱ्याची पकड चौथ्या मिनिटाला सुटली, तर त्याचा आकडा सत्तरच्या आसपासच अडकतो.

मग विसावा कुठे घ्यायचा? वजन हातात असतानाच. जर्कमध्ये, म्हणजे छातीपासून डोक्यावर ढकलण्याच्या प्रकारात, केटलबेल छातीशी आली की कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, गुडघे सरळ करायचे आणि दोन श्वास सोडायचे. तेव्हा बराचसा भार हाडं पेलतात. नवख्याचं कोपर टेकतच नाही. तो वजन दंडावर तोलून धरतो आणि तिसऱ्या मिनिटाला त्याचे खांदे भरून येतात. पहिला महिना एवढी एक स्थिती बसवण्यात गेला तरी तो सत्कारणी लागला, असं माझं ठाम मत आहे.

हाताला फोड आले म्हणजे मेहनत झाली, हेही खरं नाही. मूठ आवळून धरली की कातडी दांड्याखाली चिमटते. पकड सैल हवी, दांडा तळहातावर तिरपा हवा, घट्टे घासून सपाट ठेवायला हवेत. सोललेला तळहात सगळा आठवडा खातो.

कंबर जाईल ही भीती निम्मी खरी आहे. पाठ वाकवून हातांनी खेचलं तर दुखणं येतं. जोर कुल्ल्यांतून आणि पायांतून आला तर सहसा नाही. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

सर्वांत घातक समज म्हणजे हुरूप असला तरच सराव टिकतो हा. सराव टिकतो तो कामाच्या हंगामाशी जुळवून घेतल्याने. भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात वर्ष एकसारखं जात नाही. जुलै-ऑगस्टात दिवसभर धानाच्या बांधीत (खाचरात) वाकून रोवणी केलेल्या बाईने किंवा पऱ्ह्याच्या (रोपांच्या) पेंढ्या वाहिलेल्या गड्याने संध्याकाळी दहा मिनिटांचा सेट लावणं म्हणजे दुखण्याला बोलावणं. ते कामही शरीरावरचा भारच आहे. सरावाच्या वहीत त्याची नोंद हवी. त्या दिवसांत वजन तेच ठेवून आठवड्याचे चार दिवस दोनावर आणले तरी कमावलेली ताकद कित्येक आठवडे टिकते. हे ठाऊक नसल्याने माणसं स्वतःला आळशी ठरवतात आणि सराव सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. दिवाळीनंतर धान घरी आलं, मंडया (गावजत्रा) भरू लागल्या की चढाईचा काळ. तेव्हा मिनिटाला एक स्नॅच वाढवावा किंवा सेट अर्ध्या मिनिटाने लांबवावा. दोन्ही एकदम नको. मे महिन्यात पारा ४५ कडे झुकतो. तेव्हा सराव पहाटे, सेट आखूड, आणि हाताला खडू, कारण घामाने दांडा निसटतो.