आधी लग्न, मग तत्त्व

मूल्यं मानणाऱ्या संघटनेत एकाच जातीची, एकाच आळीतली माणसं का दिसतात, असं विचारलं की बहुतेक कार्यकर्ते म्हणतात, ‘लोकांना विचार पटत नाहीत.’ जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाकडे पाहिलं, की हे उत्तर अपुरं वाटतं. निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, एकच आणि त्याच्या भक्तीला मध्यस्थ नको, हे तत्त्व समजायला सोपं होतं. अवघड होतं ते त्याप्रमाणे वागणं. भटजी आला नाही तर मुलीचं लग्न लागणार कसं, भावकी काय म्हणेल, ही कुणब्याची खरी धास्ती होती आणि समाजाने तिलाच हात घातला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला सावित्रीबाईंच्या पुढाकाराने सीताराम आल्हाट आणि राधा यांचं लग्न पुरोहिताशिवाय, अगदी थोड्या खर्चात लागलं. फुल्यांनी मराठीत मंगलाष्टकं रचली. त्यांत नवरी नवऱ्याकडे स्त्रियांच्या हक्कांचं वचन मागते आणि तो ते सर्वांसमक्ष देतो. मांडवात बसलेल्या शेतकऱ्याला ही गोष्ट डोळ्यांसमोर घडताना दिसत होती. याची किंमतही मोजावी लागली. पुरोहिताशिवाय लग्न लावल्याबद्दल ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांवर गावच्या जोशांनी दक्षिणेच्या हक्कासाठी फिर्याद केली आणि खटला उच्च न्यायालयापर्यंत गेला. अशा वेळी पाठीशी उभा राहणारा समाज लोकांना आपला वाटला, तर त्यात नवल नाही.

सुरुवातीचे सभासद बेलभंडार उचलून शपथ घेत. कर्मकांडाला विरोध करणाऱ्यांनी खंडोबाचा भंडारा का उचलावा, हा आक्षेप रास्त आहे. पण बहुजनांच्या घरी बेलभंडाराची आण मोडत नसे. नव्या बांधिलकीला त्यांच्याच ओळखीचं वजन मिळालं. पुरोहिताचा मध्यस्थपणा नाकारण्याच्या मूळ मुद्द्यावर मात्र समाजाने तडजोड केली नाही. माझ्या मते मर्म इथेच आहे: रूप लोकांचं घ्यावं, गाभा आपला राखावा. म्हणूनच मुंबईत कामाठीपुऱ्यातले तेलुगू कंत्राटदार समाजाशी जोडले गेले आणि समाजाचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी हेच बळ गिरणी कामगारांच्या मागण्यांकडे वळवलं. रविवारच्या सुटीसाठी त्यांनी चालवलेल्या लढ्याला १८९० मध्ये यश आलं.

याहून कठीण आक्षेप असा, की दार सर्वांना उघडं असूनही नेतृत्व मुख्यतः माळी, मराठा अशा जातींकडेच राहिलं. हे खरं आहे आणि ते झाकून चालणार नाही. जोतीराव-सावित्रीबाईंनी अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या, घरचा हौद खुला केला. समाजाच्या पुढच्या फळीत मात्र ती मुलं त्या प्रमाणात आली नाहीत. १९२० नंतर चळवळीचं बरंच बळ ब्राह्मणेतर पक्षाच्या निवडणुकांकडे वळलं, आणि दलितांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आपली वेगळी वाट धरली. मांडवात सगळ्यांना जागा होती. निर्णय घेणाऱ्या बैठकीत ती तशी नव्हती.