चिकटलेली मतं

लुंड हे स्वीडनमधलं विद्यापीठाचं गाव. तिथल्या संशोधकांनी येणाऱ्या-जाणाऱ्या १६० जणांकडून पॅडला लावलेली एक प्रश्नावली भरून घेतली. गुन्हे रोखण्यासाठी सरकारने लोकांच्या ईमेलवर नजर ठेवावी की नाही, अशा धर्तीची विधानं. प्रत्येकापुढे सहमतीचा आकडा लिहायचा. मेख होती पॅडच्या पाठीला लावलेल्या गोंदात. पहिलं पान उलटून मागे गेलं, की त्यावर अलगद डकवलेला विधानांचा तुकडा गोंदाला चिकटून राही. पान परत पुढे आलं, की दिसत खालची उलट अर्थाची विधानं. आकडे मात्र त्याच माणसाच्या हातचे!

मग ‘असं का वाटतं, जरा सांगता?’ असं विचारल्यावर ६९ टक्के लोकांनी बदललेल्या दोन विधानांपैकी निदान एक आपलंच म्हणून स्वीकारलं. निम्म्याहून अधिक जणांनी तर स्वतःच्याच आधीच्या मताविरुद्ध बाजू लढवली. हा प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. माणसाला मतंच नसतात, असं त्यावरून म्हणणं आततायीपणाचं होईल. पण कारणं बरेचदा मागाहून गोळा होतात, हे खरं.

श्रद्धेची मुळं आणखी खोल. अमेरिकेत मिनेसोटातल्या जुळ्या पुरुषांच्या २००५ सालच्या अभ्यासात, लहानपणीच्या धार्मिकतेतल्या फरकांमागे घराचा वाटा मोठा दिसला. मोठेपणी तो घटला आणि जनुकांचा वाटा ४४ टक्क्यांवर गेला. अर्थात हे फक्त ओढ किती, याबद्दल. धर्म कोणता, हे जनुकं ठरवत नाहीत.

मग निवडायला उरतं काय? वागणं. सतराव्या शतकातल्या फ्रेंच विचारवंत पास्कलने श्रद्धा बसत नसलेल्यांना सांगितलं होतं, की श्रद्धाळूंसारखं वागायला लागा, तीर्थ घ्या. मन मागून येईल.

डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असं १९३५ साली येवल्यात जाहीर केलं आणि बौद्ध धम्माची दीक्षा घेतली १९५६ साली, नागपुरात. जाणीवपूर्वक निवडीचं याहून ठळक उदाहरण सापडणं अवघड, आणि त्यालाही अभ्यासाची २१ वर्षं लागली. सोबतच्या लाखो अनुयायांना त्यांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यांतल्या काही ‘मानणार नाही’ अशा, तर काही सरळ कृतीच्या: श्राद्ध नाही, पिंडदान नाही. अनेक घरांतले देव्हारे हलले, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली. त्या घरांत पुढे जन्मलेल्या मुलांना मात्र काही निवडावं लागलं नाही.