नो पार्किंगचा फलक कुणाच्या सहीने लागतो?

शाळेच्या फाटकासमोर चारचाकी उभ्या राहतात आणि मुलांना रस्त्याच्या मधून चालावे लागते. पालक नगरसेवकाकडे जातात, नगरसेवक महापालिकेला पत्र देतो, महापालिका ते पत्र वाहतूक शाखेकडे पाठवते. आपला अर्ज नेमका कुठे अडकला आहे, हे पालकांना शेवटपर्यंत कळत नाही. हा अधिकार कुणाचा आहे, हेच बहुतेकांना माहीत नसल्याने असे होते.

शहराचे वाहतूक आणि पार्किंग धोरण लोकप्रतिनिधींनी ठरवावे, गल्लीबोळातले छोटे बदल जबाबदार अधिकाऱ्याने आदेश काढून करावेत, अशी विभागणी आपल्याकडे कायद्याने आणि प्रथेने झालेली आहे. ही विभागणी योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अट एकच : अधिकाऱ्याने काढलेला आदेश कारणासह, तारखेसह आणि सर्वांना वाचता येईल असा असला पाहिजे. या विभागणीबद्दलचे काही गैरसमज एकेक करून तपासू.

गैरसमज १ : नो पार्किंग किंवा एकेरी वाहतूक महापालिकेच्या सभेतल्या ठरावाने होते.

वस्तुस्थिती : असे बदल मुख्यतः मोटार वाहन कायदा, १९८८ खाली होतात. कलम ११५ नुसार एखाद्या रस्त्यावर किंवा भागात सर्व वाहनांना किंवा ठरावीक प्रकारच्या वाहनांना बंदी वा निर्बंध घालता येतात. कलम ११६ वाहतूक चिन्हांचे फलक उभारण्याबद्दल आहे, तर कलम ११७ वाहने कुठे आणि किती वेळ उभी करता येतील हे ठरवण्याबद्दल. हे तिन्ही अधिकार राज्य शासनाचे किंवा शासनाने प्राधिकृत केलेल्या यंत्रणेचे आहेत. पुण्यात वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त जे आदेश काढतात, त्यांच्या सुरुवातीलाच गृह विभागाच्या २७ सप्टेंबर १९९६ च्या अधिसूचनेचा उल्लेख असतो. त्यांच्या सहीला बळ मिळते ते या अधिसूचनेतून. पेठांमधली पी-१, पी-२ व्यवस्था, म्हणजे सम-विषम तारखांनुसार रस्त्याच्या आलटून-पालटून एकाच बाजूला पार्किंग, अशाच आदेशांनी चालते. पोलीस आयुक्तालय नाही तिथे जड वाहनांच्या बंदीसारखे आदेश जिल्हाधिकारी काढतात आणि त्यासाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ चाही आधार घेतला जातो.

मग महापालिकेला काहीच अधिकार नाही का? आहे. कलम ११७ मध्येच स्थानिक प्राधिकरणाशी विचारविनिमय करण्याची अट आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २०८ नुसार आयुक्तांना महापालिकेच्या मंजुरीने एखाद्या सार्वजनिक रस्त्यावर वाहनांना मनाई करता येते. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतही रस्ते आणि वाहनतळ हे विषय नागरी संस्थांच्या यादीत आहेत. शिवाय आदेश निघाला तरी फलक लावणे, पट्टे मारणे, दुभाजक बसवणे ही कामे सहसा महापालिकेच्या पथ विभागाकडे असतात. म्हणून नागरिकांनी अर्ज करताना एक प्रत वाहतूक शाखेला आणि एक प्रत पथ विभागाला द्यावी. नगरसेवकाची शिफारस आणि पाठपुरावा यांचा उपयोग नक्की होतो. सही मात्र त्याची नसते.

गैरसमज २ : अधिकार अधिकाऱ्याकडे सोपवला म्हणजे लोकशाहीला बगल दिली.

वस्तुस्थिती : सोपवलेला अधिकार मोकळा नसतो, त्याला चौकट असते. कलम ११५ खालचा निर्बंध तीनच कारणांसाठी घालता येतो : सार्वजनिक सुरक्षितता, लोकांची सोय, किंवा त्या रस्त्याचे वा पुलाचे स्वरूप. एखाद्या दुकानदाराची सोय किंवा एखाद्या बंगल्याची शांतता हे त्यात बसत नाही. निर्बंध घातल्यावर योग्य जागी फलक लावणे बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ११७ खाली जागा ठरवताना रस्ता वापरणाऱ्यांची सुरक्षितता आणि वाहतुकीचा सुरळीत प्रवाह यांना प्राधान्य द्यावे लागते. या चौकटीबाहेरच्या आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान देता येते. ज्याने अधिकार दिला, त्याला तो काढूनही घेता येतो आणि त्याच्या वापराबद्दलचे उत्तरदायित्वही त्याचे संपत नाही.

मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे या दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. त्या काळातही वाहतुकीचे आदेश निघत राहिले, कारण त्यांचा आधार सभागृहाचा ठराव हा नव्हताच. पण त्याच काळाने दुसरी बाजूही दाखवली. आदेश चुकला तर सभागृहात उठून जाब विचारणारा प्रतिनिधी नव्हता. अधिकारी निर्णय घेतो तेव्हा त्याला प्रश्न विचारणारे कुणीतरी समोर असावेच लागते. सोपवण्याची व्यवस्था चांगली ठरते ती याच अटीवर.

गैरसमज ३ : मग पार्किंगचे सगळेच निर्णय अधिकाऱ्यांच्या हाती आहेत.

वस्तुस्थिती : लोकांच्या खिशातून नियमित पैसा घ्यायचा, तर प्रश्न धोरणाचा होतो. पुण्याचे पार्किंग धोरण हे याचे ठळक उदाहरण आहे. रस्त्यावरच्या पार्किंगला शुल्क लावण्याचा प्रशासनाचा प्रस्ताव मोठ्या वादानंतर मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने मंजूर केला, तोही निवडक पाच रस्त्यांवर प्रायोगिक तत्त्वावर. पुढे अनेक वर्षे ते धोरण कागदावरच राहिले. त्या निर्णयाचे समर्थन करा किंवा त्याला विरोध करा, तो सभागृहात झाला हे योग्यच झाले. कुठल्या भागात किती शुल्क, रहिवाशांना सवलत किती, जमा होणारा पैसा बससेवेला द्यायचा की रस्त्याला, हे प्रश्न निवडून आलेल्यांनी लोकांसमोर सोडवायचे असतात.

फेरीवाल्यांचा प्रश्नही असाच आहे. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे. त्यात शहर पथविक्रेता समितीला स्थान आहे आणि त्या समितीवर विक्रेत्यांचे प्रतिनिधीही असतात. ज्या रस्त्यावर लोक पोट भरतात, तो मोकळा करण्याचे काम नो पार्किंगच्या आदेशाने मागच्या दाराने करता येत नाही, करू नये.

छोटा बदल आणि मोठा बदल ओळखण्यासाठी मी चार प्रश्न वापरतो. बदल एखाद-दुसऱ्या रस्त्यापुरता आहे का? फलक काढला की तो उलटवता येतो का? त्यातून नवे शुल्क लागत नाही ना? कुणाची उपजीविका जात नाही ना? चारही उत्तरे समाधानकारक असतील, तर तो निर्णय खुशाल अधिकाऱ्यावर सोपवावा. एक जरी उत्तर उलटे आले, तरी विषय सभागृहात जायला हवा.

गैरसमज ४ : राजपत्रात छापला नाही, तर आदेश बेकायदा.

वस्तुस्थिती : कलम ११५ खालच्या निर्बंधाची अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते हा सर्वसाधारण नियम. पण त्याच कलमात सूट आहे. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळ राहणार नसेल, तर राजपत्राची गरज नाही. परिस्थितीनुसार शक्य तेवढी स्थानिक प्रसिद्धी द्यावी लागते. वेगमर्यादेबद्दलच्या कलम ११२ मध्येही अशीच एक महिन्याची सूट आहे. गणेशोत्सवात पुण्यातले मध्यवर्ती रस्ते ठरावीक वेळेत बंद होतात किंवा ११ डिसेंबरच्या पादचारी दिनाला लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा फक्त चालणाऱ्यांसाठी मोकळा होतो, तेव्हा अशा अल्पकाळच्या आदेशांचाच उपयोग होतो. एका दिवसाच्या बदलासाठी महिनाभराची कागदी प्रक्रिया लागली असती, तर पादचारी दिन झालाच नसता.

मात्र ही सूट महिन्याभरापुरतीच आहे. ‘प्रायोगिक तत्त्वावर’ आणि ‘पुढील आदेशापर्यंत’ हे शब्द एकत्र आले की प्रयोग कधी संपला, त्याचा निष्कर्ष काय निघाला, हे कुणी सांगत नाही. इंग्लंडमध्ये रस्ते वाहतूक नियमनाचा १९८४ चा कायदा आहे. तिथे स्थानिक परिषदेला प्रायोगिक आदेश काढता येतो, पण तो जास्तीत जास्त १८ महिने चालतो. सुरुवातीचे ६ महिने लोक प्रत्यक्ष अनुभव घेऊन हरकती नोंदवतात आणि मुदत संपण्यापूर्वी आदेश कायम करायचा की सोडून द्यायचा, हे परिषदेला ठरवावेच लागते. आपल्या मोटार वाहन कायद्यात प्रयोगासाठी अशी वेगळी तरतूद नाही. पण आदेशातच शेवटची तारीख आणि आढाव्याचा दिवस लिहायला कायदा कुठेही आड येत नाही.

गैरसमज ५ : फलक लागला की नियम झाला, आणि फलक नसेल तर गाडी कुठेही लावता येते.

वस्तुस्थिती : यातली दोन्ही विधाने चूक आहेत. सोसायट्या, दवाखाने आणि दुकाने आपल्या भिंतीबाहेर, सार्वजनिक रस्त्यावर ‘नो पार्किंग’, ‘गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’ असे फलक लावतात. त्यांना कायद्याचा आधार नाही. कलम ११६ नुसार अधिकृत यंत्रणेशिवाय कुणालाही रस्त्यावर किंवा रस्त्यालगत वाहतूक चिन्ह उभारता येत नाही. खऱ्या चिन्हासारखा दिसून दिशाभूल करणारा फलक काढून टाकण्याचा अधिकार पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला देण्याची तरतूदही तिथेच आहे. दुसऱ्याच्या गाडीची हवा सोडण्याचा अधिकार तर कुणालाच नाही.

उलट बाजूने, काही जागी फलकाची गरजच नसते. २०१७ च्या मोटार वाहन चालवण्याच्या विनियमांनुसार पदपथ, सायकल मार्ग, झेब्रा क्रॉसिंग, धोकादायक वळण, बसथांबा, दुसऱ्याच्या फाटकासमोरची जागा अशा ठिकाणी वाहन उभे करण्यास मुळातच मनाई आहे. ‘इथे कुठे फलक आहे?’ हा बचाव तिथे चालत नाही. सोसायटीच्या फाटकासमोरची जागा मोकळी राहते ती या विनियमामुळे, सोसायटीने रंगवलेल्या पत्र्यामुळे नव्हे.

आदेश निघाला आहे पण फलक पडला, झाकला गेला किंवा लागलाच नाही, अशी परिस्थिती नागरिकासाठी खरी अडचणीची असते. अशा वेळी रस्त्याच्या दोन्ही टोकांची तारीख-वेळेसह छायाचित्रे काढून ठेवावीत आणि चलानाविरुद्ध रीतसर तक्रार करावी. कलम ११५ मध्ये फलक लावण्याची जबाबदारी आदेश काढणाऱ्यावर टाकलेली आहे, हे त्या तक्रारीत जरूर लिहावे.

गैरसमज ६ : हरकती-सूचना मागवणे हा नुसता उपचार असतो.

वस्तुस्थिती : पुण्यातल्या अशा अनेक आदेशांत ठरावीक तारखेपर्यंत लेखी हरकती आणि सूचना मागवलेल्या असतात आणि त्यांचा विचार करून अंतिम आदेश काढला जाईल, असे स्पष्ट म्हटलेले असते. अडचण अशी की या सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येतात आणि मुदत संपल्यावर लोकांच्या लक्षात येतात. ज्या हरकती येतात, त्यातल्या बऱ्याच ‘आमची गैरसोय होते’ एवढ्यावरच थांबतात.

उपयोगी हरकत वेगळी असते. शाळा सुटण्याच्या वेळी कुठल्या बाजूला किती गाड्या थांबतात, रुग्णवाहिका वळताना कुठे अडते, एकेरी केल्यास रिक्षाला किती फेरा पडेल, पी-१ आणि पी-२ पैकी कुठल्या बाजूला पदपथ मोडका आहे, हे स्थानिक रहिवाशाइतके कुणालाच ठाऊक नसते. सोबत दोन-तीन छायाचित्रे, हाताने काढलेला साधा नकाशा आणि पर्यायी सूचना जोडली, तर अधिकाऱ्याला निर्णय बदलण्यासाठी ठोस कारण मिळते. छोटा निर्णय अधिकाऱ्याकडे असण्याचा हाच मोठा फायदा आहे. त्याला सभागृहाच्या पुढच्या बैठकीची वाट न पाहता चूक दुरुस्त करता येते.

गैरसमज ७ : एवढ्याशा बदलाची नोंद आणि कारणे कशाला हवीत?

वस्तुस्थिती : नोंद हीच सोपवलेल्या अधिकाराची हिशेबवही आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यामागची संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे आणि बाधित व्यक्तींना प्रशासकीय निर्णयाची कारणे देणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, आणि तेही कुणी अर्ज करण्याची वाट न पाहता. आपल्या रस्त्यावरच्या नो पार्किंगचा आदेश कुठे मिळत नसेल, तर १० रुपये शुल्क भरून त्याची प्रत मागता येते आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. पण प्रत्येक फलकासाठी नागरिकाला अर्ज करावा लागणे हेच मुळात चुकीचे आहे.

प्रत्येक शहराच्या वाहतूक शाखेने आणि महापालिकेने मिळून एक खुली नोंदवही ठेवावी. तिच्यात रस्त्याचे नाव, बदलाचा प्रकार, कारण, आदेशाची तारीख, मुदत, आलेल्या हरकतींची संख्या आणि फलक लागल्याची तारीख असावी. वर्षातून एकदा ती नोंदवही सभागृहासमोर यावी, म्हणजे अधिकारी झटपट निर्णय घेऊ शकतील आणि लोकप्रतिनिधी त्यांना जाब विचारू शकतील. यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा खर्चही लागत नाही.

तोवर सुरुवात आपल्या रस्त्यापासून करा. तुमच्या गल्लीतल्या फलकामागचा आदेश मागा, त्याची तारीख आणि कारण वाचा, आणि कारण पटत नसेल तर पुराव्यासह लेखी हरकत द्या.