रक्तातल्या पाच पेशींचा अर्थ

स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीतून काही पेशी सुटतात आणि रक्ताबरोबर शरीरभर फिरतात. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर थॉमस अ‍ॅशवर्थ यांनी 1869 मध्ये कर्करोगाने दगावलेल्या एका रुग्णाच्या रक्तात अशा पेशी पाहिल्या. बहुतेक पेशी रक्तातच मरतात. पण एखादी हाडात, यकृतात किंवा फुप्फुसात रुजली, तर तिथे नवी गाठ वाढू शकते.

या पेशी शोधणे कठीण असते. साडेसात मिलिलिटर रक्तात अब्जावधी तांबड्या पेशी, आणि त्यांत या मोजक्याच. ‘सेलसर्च’ चाचणीत त्यांच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाला चिकटणारे सूक्ष्म लोहकण वापरतात, चुंबकाने पेशी ओढून घेतात आणि रंगवून मोजतात.

आजार इतरत्र पसरलेल्या 177 रुग्णांचा अमेरिकेतील अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या उपचारांपूर्वी साडेसात मिलिलिटर रक्तात पाच किंवा अधिक पेशी असलेल्यांपैकी निम्मे रुग्ण सुमारे 10 महिन्यांहून अधिक जगले. पाचपेक्षा कमी असलेल्यांत हाच काळ 18 महिन्यांच्या पुढे गेला.

मग उपचार सुरू केल्यावरही आकडा उतरला नाही तर औषध लगेच बदलावे का? 2014 च्या एका चाचणीत केमोथेरपीच्या पहिल्या फेरीनंतर तसे करून पाहिले. त्याने आयुष्य वाढले नाही.

म्हणजे हा आकडा आजाराचा जोर सांगतो, पण तेवढ्यावरून उपचाराची वाट ठरत नाही. तो अनेकांच्या अनुभवातून आला आहे, एकीचे भविष्य त्यात लिहिलेले नसते. म्हणून तो एकटीने वाचून धीर सोडू नका. आपल्या डॉक्टरांसोबत बसून समजून घ्या.